दोन भाषांची सबटायटलं, टाळांचा गजर आणि एडिटिंग सॉफ्टवेअरकडे मागण्यासारखं बरंच काही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात कुणाचीही दोन मिनिटांची मुलाखत घ्या. बोलणं मराठीत सुरू होतं. मध्येच ओळखीचा माणूस समोर येतो, त्याला ‘बर्री, बर्री’ (या, या) म्हणून कन्नडमध्ये दोन वाक्यं जातात, मग पुन्हा मराठी, आणि ‘लोन’, ‘सबसिडी’ एवढ्यापुरती इंग्रजी. ऐकणाऱ्या कुणालाच यात काही अवघड वाटत नाही. हाच व्हिडिओ आपोआप सबटायटल लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरला दिला, की ते आधी विचारतं: भाषा कोणती? आणि उत्तरात एकच नाव निवडता येतं.

सीमाभागातल्या एडिटिंग करणाऱ्यांनी ‘सॉफ्टवेअरमध्ये काय हवं’ याची यादी केली, तर माझ्या मते पहिलं नाव याचंच लागेल: एकाच क्लिपमधल्या दोन भाषा ओळखणारी सबटायटलं. इतर मागण्याही आहेत. भजनातून बुवांचा आवाज वेगळा काढायचा आहे, फोन आणि मिक्सर यांच्या रेकॉर्डिंगचा मेळ टिकवायचा आहे, मागाच्या खडखडाटातून माणसाचं बोलणं सोडवायचं आहे. यातलं प्रत्येक काम कुठे अडतं हे आतून समजलं, तर आज त्यावर काय करता येईल ते कळतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे नेमकं काय मागायचं, तेही कळतं.

यंत्र बोलणं कसं लिहितं

ओपनएआय कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये बोलणं ऐकून ते लिहून देणारं ‘व्हिस्पर’ नावाचं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं. केडेनलाइव्हसारख्या फुकट मिळणाऱ्या एडिटरमध्येही ते जोडून वापरता येतं, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. आपला ऑडिओ त्याच्याकडे गेला की आधी तो सेकंदाला १६,००० नमुन्यांवर आणला जातो. मग त्याचे ३० सेकंदांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचं एक चित्र बनतं. चित्रात डावीकडून उजवीकडे वेळ पुढे सरकते, खालून वर आवाज खर्जाकडून तारेकडे जातो, आणि जिथे जोर जास्त तिथे उजेड जास्त. मॉडेल हे चित्र बघत शब्दाचा एकेक तुकडा लिहीत जातं. पुढचा तुकडा ठरवताना आधी काय लिहिलंय तेही ते विचारात घेतं.

पण लिहायला लागण्याआधी त्याला भाषेची एक खूण लागते, आणि ३० सेकंदांच्या तुकड्याला ती एकच असते. आपण ती दिली नाही, तर मूळ प्रोग्राम पहिले ३० सेकंद ऐकून अंदाज बांधतो आणि पुढच्या अख्ख्या फाइलला तोच लावतो. मुलाखतीच्या सुरुवातीची विचारपूस कन्नडमध्ये झाली असेल, तर पुढचं सगळं मराठी बोलणं कन्नड समजून ऐकलं जातं. उलटही होतं. मराठीची खूण लागलेली असताना मध्येच ‘हौद्री, नाळे बर्तेनि’ (हो, उद्या येतो) आलं, तर मॉडेल ते मराठी म्हणूनच ऐकतं. मग कधी ते आवाजाला जवळची अक्षरं जुळवून लिहितं, कधी वाक्यच गाळतं, आणि कधी बोलणाऱ्याने न म्हटलेलं पण वाचायला अगदी सरळ वाटणारं मराठी वाक्य लिहून देतं. मला या तिसऱ्या चुकीची सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण वाचणाऱ्याला तिथे काही चुकलंय याचा पत्ताच लागत नाही.

असं होण्यामागे शिकवणीचा सरळ हिशेब आहे. व्हिस्परचं पहिलं मॉडेल ६,८०,००० तासांच्या ऑडिओवर शिकवलं गेलं. त्यात इंग्रजी सोडून बाकीच्या ९६ भाषांचं लिखाणासह ऑडिओ मिळून १,१७,००० तास होतं, आणि त्यातही मराठी-कन्नडच्या वाट्याला अगदी थोडं आलं. दोन्ही भाषा एकाच वाक्यात मिसळलेल्या आहेत आणि लिखाणही तसंच मिसळलेलं आहे, असा नमुना तर आणखी दुर्मीळ. जे ऐकलंच नाही ते यंत्र कुठून लिहिणार?

त्यात आपली बोली. आमच्याकडे कित्येक बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. ‘काय करूलालास?’ हा रोजचा प्रश्न आहे. पुस्तकी मराठीवर शिकलेलं मॉडेल बाईचा आवाज ऐकून ‘येतो’चं ‘येते’ करू शकतं, आणि ‘करूलालास’चं ‘करतोयस’ किंवा ‘करू लागलास’. वर्तमानपत्रातल्या बातमीसाठी हे चालेलही. पण नंदगडच्या एखाद्या आजीच्या आठवणी नोंदवून ठेवायच्या असतील, तर तिच्या तोंडचं क्रियापद बदलणं ही माझ्या दृष्टीने नोंदीची नासधूस आहे.

तेव्हा मागणी अशी करायला हवी. टाइमलाइनवर क्लिपचा भाग निवडून ‘हे कन्नड’, ‘हे मराठी’ असं रंगवता आलं पाहिजे, आणि प्रत्येक भाग आपापल्या भाषेची खूण लावून मॉडेलकडे गेला पाहिजे. कन्नड भाग कन्नड लिपीत हवा की देवनागरीत, की थेट मराठी अनुवादात, हे एडिटिंग करणाऱ्याने ठरवावं. ‘जसं ऐकलं तसं लिही’ आणि ‘प्रमाण भाषेत लिही’ असा पर्याय असावा. गावांची आणि आडनावांची यादी एकदा देता यावी, म्हणजे येळ्ळूर, कंग्राळी, मुतगा, हलगा ही नावं प्रत्येक व्हिडिओत नव्याने दुरुस्त करावी लागणार नाहीत.

यातलं काही आजही जमतं. भाषा आपोआप ओळखू देऊ नका, स्वतः निवडा. कन्नड वाक्यं जिथे आहेत तिथे क्लिप कापा, ते तुकडे वेगळे एक्स्पोर्ट करून कन्नड खुणेने चालवा आणि सबटायटल परत मूळ जागी बसवा. व्हिस्परला सुरुवातीला थोडा मजकूर देण्याची सोय असते, ‘इनिशियल प्रॉम्प्ट’ नावाची. त्यात गावांची नावं आणि आपल्या बोलीतली दोन वाक्यं लिहिली तर त्या वळणाने लिहिण्याकडे त्याचा कल वाढतो. खात्री नसते, पण फरक पडतो.

अक्षर कशाला म्हणायचं

सबटायटल बरोबर लिहिलं गेलं तरी पडद्यावर ते नीट उमटायला हवं. संगणकात ‘कि’ हे अक्षर ‘क’ आधी आणि ‘ि’ नंतर अशा क्रमाने साठवलेलं असतं, दिसताना मात्र वेलांटी आधी यायला हवी. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली जातं. ही जुळणी करणारा वेगळा भाग सॉफ्टवेअरमध्ये असावा लागतो. तो नसला किंवा बंद असला की ‘शिवजयंती’ची वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. ॲडोबी प्रीमियरमध्ये त्यासाठी प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स विभागात ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हे टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर आला असेल, तर तो आधी युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या संकेतपद्धतीत बदलून घ्यावा. नाहीतर टायटलमध्ये निव्वळ खुणांची गर्दी दिसते.

यापेक्षा बारीक आणि कमी बोललं गेलेलं दुखणं मोजणीचं आहे. सबटायटलच्या एका ओळीत साधारण ४२ अक्षरं असावीत, असा दंडक अनेक ठिकाणी पाळतात. पण सॉफ्टवेअर अक्षरं मोजत नाही, साठवलेली चिन्हं मोजतं. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर, त्याला चार चिन्हं: क, हलंत, ष, वेलांटी. त्यामुळे मराठी ओळ विनाकारण लवकर मोडते. अक्षरं एकेक करून उमटणारं टायटल लावलं तर आधी ‘क’, मग ‘क्’, मग ‘क्ष’, मग ‘क्षि’ असं थरथरत येतं. युनिकोडने २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीतलं जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आणला. देवनागरीबरोबर बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्या त्या यादीत होत्या, कन्नड नव्हती. बेळगावातल्या द्विभाषिक टायटलचा मराठी अर्धा नीट आणि कन्नड अर्धा तुटलेला, असं होण्याची एक वाट इथूनच निघते. एडिटरने मोजणी, ओळ मोडणं आणि ॲनिमेशन ही तिन्ही कामं वाचणाऱ्याच्या अक्षरावर करावीत. मागणी लहान आहे आणि उपयोग रोजचा.

भजनातून आवाज वेगळा काढायचा तर

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. एकादशीच्या भजनाचं रेकॉर्डिंग आहे, सगळं एकाच फोनवर. टाळांच्या गजरात बुवांचे शब्द बुडालेत. आवाज वर आणि टाळ खाली करता येतील का?

गाण्याचे घटक वेगळे करणारी साधनं आहेत. डीझर कंपनीने २०१९ मध्ये ‘स्प्लीटर’ खुलं केलं, आणि फेसबुकच्या संशोधकांचं ‘डेमुक्स’ही फुकट मिळतं. दोन्हींची कल्पना साधारण अशी: हजारो वेळा मॉडेलला मिसळलेलं गाणं आणि त्याचे सुटे भाग शेजारी शेजारी द्यायचे, म्हणजे नव्या मिश्रणातला कोणता अंश कुणाचा हे ते ओळखायला शिकतं. मग प्रत्येक क्षणी, आवाजाच्या प्रत्येक पट्टीत, इतका हिस्सा गळ्याचा आणि इतका वाद्याचा अशी वाटणी होते.

वाटणी किती खणांत करायची हे मात्र शिकवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. नेहमीचे खण चार: गायन, ड्रम, बेस आणि ‘इतर’. या क्षेत्रात सर्रास वापरला जाणारा ‘एमयूएसडीबी१८’ हा संग्रह १५० गाण्यांचा आहे आणि त्याचे हेच चार भाग आहेत. त्यात ना टाळ, ना मृदंग, ना पेटी. आपलं भजन या चार खणांत बसवायला गेलं की टाळ कधी ड्रममध्ये जातात, कधी ‘इतर’मध्ये, आणि त्यांची पुढे लांबत जाणारी झणझण गायनात शिरते. ‘स’, ‘श’, ‘च’ यांचा सुसकारा आवाजाच्या वरच्या पट्ट्यांत असतो आणि टाळांचा झणत्कारही तिथेच. टाळ काढले की ‘सावळे सुंदर’मधले ‘स’ बोथट होतात.

मृदंगाच्या डाव्या तोंडाचा घुमारा खाली वळत जातो. मॉडेलला तो बेस गिटारच्या जवळचा वाटला तर नवल नाही, आणि मग उजवी थाप एका खणात, डावी दुसऱ्या खणात. सगळ्यात कठीण पेटी. पेटीवाला बुवांच्या मागे स्वराला स्वर लावून जातो. काळी एकच्या पट्टीत पुरुषाचा सा साधारण १३९ हर्ट्झचा. गळ्यातून त्याबरोबर २७८, ४१७, ५५६ असे पटीतले स्वरांशही निघतात. पेटीच्या सुरातूनही नेमके तेच निघतात. आवाजाच्या चित्रात एकाच जागी दोघांचा उजेड पडला की कोणता कुणाचा हे ठरवायला उरतो फक्त गळ्याचा हलका कंप, मींड आणि शब्दांची सुरुवात. पाश्चात्त्य गाण्यात गिटार गळ्याच्या मागे अशी सावलीसारखी सहसा चालत नाही, म्हणून त्यावर शिकलेलं मॉडेल इथे चाचपडतं.

मला हवी असलेली सोय अशी आहे: खणांची नावं आपण ठरवायची. गायन, झील धरणाऱ्यांचा कोरस, टाळ, मृदंग, पेटी. आपल्याच मंडळाच्या सुट्या रेकॉर्डिंगची काही मिनिटं दिली, की सॉफ्टवेअरने तयार मॉडेलवर तेवढी जादा शिकवणी करून घ्यावी. आधी शिकलेल्या मॉडेलला थोड्या नव्या नमुन्यांवर वळण लावणं हे तंत्र जुनं आणि सर्वमान्य आहे, पण साध्या एडिटरच्या मेनूत ते येत नाही. येळ्ळूरच्या किंवा उचगावच्या मंडळाने एका संध्याकाळी टाळ वेगळे, मृदंग वेगळा, पेटी वेगळी वाजवून ठेवली, तर ती सामग्री पुढे फार मोलाची ठरेल.

तोवर उपाय रेकॉर्डिंगच्या वेळीच. बुवांच्या छातीशी एक फोन किंवा कॉलर माइक, टाळकऱ्यांपासून तोंड फिरवून. अंतर निम्मं झालं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. एवढी मदत कुठलंही सॉफ्टवेअर नंतर करू शकत नाही.

मेळ का सुटतो

कीर्तन दोन तासांचं. चित्र फोनवर, आवाज मिक्सरच्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला टाळी जुळवून दोन्ही बसवले, आणि शेवटाकडे ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. याची दोन वेगळी कारणं आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

पहिलं, प्रत्येक यंत्रातलं घड्याळ किंचित पुढेमागे चालतं. दोन यंत्रांत दहा लाखांत पन्नासाचा फरक असला तर तासाला ०.१८ सेकंद पडतात. दोन तासांत ०.३६, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने नऊ फ्रेम. दुसरं, फोन प्रत्येक फ्रेमला सारखा वेळ देत नाही. मंडपात उजेड कमी झाला की तो फ्रेम कमी करतो. ठरावीक गतीच्या टाइमलाइनवर अशी फाइल टाकली की काही एडिटर गोंधळतात. दुसऱ्या कारणावर आजचा उपाय सोपा आहे: हँडब्रेकसारख्या फुकट प्रोग्रामने फाइल आधी ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’मध्ये बदलून घ्या, मगच कापायला बसा.

पहिल्यासाठी सॉफ्टवेअरकडून मदत हवी. दोन ट्रॅकचा आवाज एकमेकांवर सरकवत कुठे सगळ्यात जास्त जुळतो ते शोधणं बहुतेक मोठ्या एडिटरना जमतं, पण ते एकच जागा शोधून थांबतात. सुरुवात आणि शेवट अशा दोन जागा शोधून, मधला आवाज सूर न बदलता तेवढाच ताणून किंवा आवळून द्यावा, एवढंच मागणं आहे. दोन्ही टोकांची गणितं एकच असताना हे का राहून जातं, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

आणि मंडपाच्या मागून शूटिंग करत असाल तर हेही ध्यानात असू द्या: आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, तेव्हा १७ मीटरवरच्या फोनला तो ०.०५ सेकंद उशिरा मिळतो. उशिराचा आवाज माणूस बराच खपवून घेतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मापानुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लक्षात येतं, उशीर मात्र १२५ पर्यंत लक्षात येत नाही. शंका असेल तिथे आवाज थोडा मागे ठेवावा, पुढे कधीच नाही.

मागाचा खडखडाट

वडगाव-खासबागच्या विणकराची मुलाखत त्याच्या यंत्रमागाशेजारीच घ्यावी, कारण तिथेच तो मोकळेपणाने बोलतो. ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटरमधल्या नॉइज रिडक्शनला, म्हणजे गोंगाट कमी करणाऱ्या सोयीला, आधी निव्वळ गोंगाटाचा एक तुकडा द्यावा लागतो, आणि तो गोंगाट पुढेही तसाच चालू आहे असं ते धरून चालतं. पंख्याला हे लागू पडतं. माग तसा नाही, धोटा सेकंदाला दोनेक वेळा आदळतो आणि मध्ये वेगळाच आवाज असतो. सरासरी काढून वजा केलं की ठोकाही राहतो आणि विणकराचा आवाजही पत्र्यासारखा होतो.

याचं उत्तर जुनं आहे. बर्नार्ड विड्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन माइक असतात. एक माणसाजवळ, दुसरा गोंगाटाजवळ. दुसऱ्यात जे आहे ते पहिल्यात किती आणि कोणत्या रूपात शिरलंय याचा अंदाज सतत सुधारत तेवढंच वजा केलं जातं. आज प्रत्येकाकडे दुसरा फोन असतोच. ‘हा ट्रॅक मागाचा, तो यातून काढ’ एवढं एक बटण साध्या एडिटरमध्ये यायला हवं.

मिरवणुकीच्या लांब फाइलींबद्दल थोडक्यात. फोनचा व्हिडिओ प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एक पूर्ण, आणि पुढच्या कित्येकांत फक्त काय बदललं ते, जसं जुन्या पत्रात ‘बाकी मजकूर मागीलप्रमाणे, फक्त गाय व्याली’ असं लिहीत. म्हणून मधल्याच फ्रेमवर कापलं की सॉफ्टवेअर बहुधा सगळी फाइल नव्याने बनवतं, तासन्‌तास रेंडर चालतं, आणि दर्जाही थोडा उतरतो. कापलेल्या जागेजवळचे काही सेकंदच नव्याने बनवून बाकीचं जसंच्या तसं ठेवणं शक्य आहे आणि काही प्रोग्राम ते करतातही. तीन तासांच्या चित्ररथ मिरवणुकीतून आपल्या गल्लीची वीस मिनिटं काढणाऱ्याला ही सोय नेहमीच्या एडिटरमध्येच मिळायला हवी.

मागणी कशी लिहावी

केडेनलाइव्ह, शॉटकट, ऑडॅसिटी ही सॉफ्टवेअर खुली आहेत आणि ती बनवणारे मागण्या स्वीकारतात. ‘मराठी सपोर्ट द्या’ एवढंच लिहिलं तर त्यांच्या हाती काही लागत नाही. वीस सेकंदांचा नमुना पाठवा, ज्यात एक मराठी वाक्य, एक कन्नड आणि पुन्हा मराठी असेल. सोबत तीन गोष्टी लिहा: सॉफ्टवेअरने काय लिहिलं, खरं काय बोललं गेलं, आणि पडद्यावर आपल्याला काय दिसायला हवं. आवृत्तीचा क्रमांक द्या. बोलणाऱ्याची परवानगी आधी घ्या, आणि नमुना खुला ठेवायला त्याची हरकत नाही ना हेही विचारा, कारण तोच नमुना पुढच्या प्रत्येक आवृत्तीची चाचणी घ्यायला वापरला जाऊ शकतो. टायटलसाठी ‘क्षि’, ‘र्‍या’, ‘ष्ट्र’ आणि कन्नडमधली खाली जाणारी दोन-तीन जोडाक्षरं एका ओळीत लिहून चित्र जोडा. भजनासाठी एकाच अभंगाचं एक कडवं दोनदा द्या, एकदा सगळे मिळून आणि एकदा प्रत्येक वाद्य वेगळं.